दुधाची अडचण

खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत मिळून हळू बोलता न येणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. कडावला त्याच्या म्हशी आहेत. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून तो रोज सकाळी कर्जतला रतीब घालायला जातो. त्या गाडीचा हॉर्न कित्येक वर्षं बंद आहे आणि तो दुरुस्त करायचं कारण त्याला अजून सापडलेलं नाही. फोनवर बोलताना तो फोन कानापासून वीतभर लांब धरतो. आपलं बोलणं पलीकडे थेटच पोचतंय, फोन आपला रीत म्हणून, अशी त्याची समजूत असावी. एका लग्नाच्या पंगतीत त्याने माझ्या कानाशी लागून "भात कच्चा हाय" असं सांगितलं, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून वाढपी दुसरा भात घेऊन आला. कुणाच्या मयताला गेला की सगळे माना खाली घालून बसलेले असताना हा विचारतो, "पन नक्की झालतं काय?" आणि नवल म्हणजे घरचे लोक रागावत नाहीत. सांगतात. पहिल्या दुखण्यापासून सविस्तर सांगतात आणि सांगून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसतं. हे कसं होतं, याचं मला फार कुतूहल आहे.

मी याच्या अगदी उलट. साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नटबोल्ट काही विचारत नाहीत, त्यामुळे तिथे माझं बरं चाललं आहे. लग्न चाळिशी ओलांडल्यावर झालं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा थोरला जावई म्हणून हा समोर बसला होता. वयाने माझ्याएवढाच, पण नात्याने मोठा. मी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि त्याने विचारलं, "एवढं वय होईस्तवर थांबलात ते कशापायी? काय दुखनंखुपनं?" घास घशात अडकला. सावरल्यावर मी जे खरं होतं तेच बोलून गेलो. म्हटलं, "कुणाशी बोलायचं धाडसच झालं नाही." बायको पुढे कधीतरी म्हणाली की तिने होकार दिला तो त्या उत्तराला. म्हणजे माझं लग्नसुद्धा याच्याच आवाजाने जमलं.

मुलगी झाली ती भर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, पाचवीपर्यंत आमच्याकडे राहिली आणि शेतात माणूस नाही म्हणून कडावला परत गेली. मग घरात आम्ही दोघं आणि ते एवढंसं रडणं. बायको बाळाला अंगावर घ्यायची. ते ओढायचं, सोडायचं, तोंड फिरवून पुन्हा रडायचं. पाजून पाजून तिच्या अंगाला चिरा पडल्या होत्या. बाळाला जवळ घेताना ती ओठ दाबून धरायची. डॉक्टरांनी वजन करून सांगितलं, वाढ कमी आहे, सध्या थोडं पावडरचं दूध द्या, पण अंगावर पाजणं सोडू नका. ते बरोबरच होतं, पण दवाखान्याबाहेर एवढी गर्दी की कसं पाजायचं ते शेजारी बसून दाखवायला कुणाला सवड नव्हती. घरी आल्यावर बायको भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला हिला अंगावर पाजायचंय. एवढं तरी जमू दे." बाकी काय काय जमलं नाही असं तिला वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

आता हे कबूल करून टाकतो. मला ती गोष्ट तोंडातून काढताच येत नव्हती. कुणीतरी दाखवणारं शोधायला हवं हे कळत होतं, पण काय शोधतोय ते सांगणार कसं? कारखान्याच्या गेटबाहेर उभं राहून मी शेवटी साडूला फोन लावला आणि म्हणालो, "घरी जरा दुधाची अडचण आहे."

"हात्तिच्या, येवढंच ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हशीच्या दुधाचा कॅन घेऊन दारात. तिसऱ्या दिवशीही. मी "बरं झालं" म्हणून दूध ओतून घेत राहिलो. घरातली पातेली संपली, दह्याला विरजण पुरेना, शेजाऱ्यांकडे बासुंदी पोचली. कॅन रोज मोठा होत गेला, कारण माझा चेहरा काही सुधारत नव्हता. शेवटी बायकोने रडणारं बाळ खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात डोकावलं आणि विचारलं, "तुम्ही नक्की काय सांगितलंत त्यांना?" मी सांगितलं. ती ओट्याला धरून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग तिनेच फोन घेतला. "भावोजी, माझं दूध. म्हशीचं नाही."

  फोन तिच्या कानाशी होता, पण आवाज थेट माझ्यापर्यंत आला, "मंग तसं बोलायचं ना रं साडू. मी बिचाऱ्या म्हशीला दोष देत बसलो, दूध पातल पडतंय का काय म्हनून."

त्या दिवसापासून त्याने दुधाबरोबर आमची अडचणही घरोघर नेली. मला ठाऊक नव्हतं. कर्जतला औषधाच्या दुकानात त्याच्याबरोबर गेलो तेव्हा समजलं. दुकानात सगळे पुरुष. हा काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "आमच्या साडवाची बायको बालंतीन हाय. पोर नीट पीत नाय. दाखवनारं कोन हाय का तुमच्या ठावं?" मी मलमांच्या कपाटाकडे तोंड केलं. "अहो, हळू बोला," मी पुटपुटलो. "हळू बोललं तं ऐकनार कोन?" तो म्हणाला.

आणि मग ती सगळी माणसं बोलायला लागली. एकाने अळिवाचे लाडू सांगितले, दुसऱ्याने शतावरी, तिसरा म्हणाला दृष्ट काढा. दुकानदाराने गोळ्या मोजता मोजता सांगितलं की त्याची बायको थोरल्याच्या वेळी महिनाभर रडत होती आणि त्याला वाटायचं, माहेरची आठवण येतेय. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "माझ्या आईला दूध नव्हतं. मी चुलतीच्या अंगावर वाढलो." हे सांगताना ते कुणाकडेच बघत नव्हते. मी कपाटाकडून वळून त्यांच्याकडे पाहत राहिलो. एवढी बोलणारी माणसं इतकी वर्षं होती कुठे? की माझ्यासारखीच मलमांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होती? दुकानाच्या पायरीवर पावसाला थांबलेला एक टेंपोवाला शेवटी म्हणाला, "माज्या वैनीला एका बायनं शिकवलं. खालापूरच्या अंगाला ऱ्हातात. बालंतपनाच्या वॉर्डात नर्स होत्या. बोलवा, येतील त्या, फकस्त शिव्या घालतील."

बाई आल्या. शिव्या साडूनेच खाल्ल्या. "तुम्ही बाहेर. आणि बाहेर म्हणजे जिन्याच्या खाली," असं त्याला सांगून त्यांनी बायकोच्या पाठीमागे उशा लावल्या, बाळाचे कपडे काढून ते तिच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ही नुसतं टोक पकडते, म्हणून तुला दुखतं आणि हिचं भागत नाही. तू वाकू नकोस गं, हिला तुझ्याकडे आण. तोंड मोठं उघडू दे, हनुवटी आधी टेकू दे." कितीदा चुकलं. मग एकदा बाळाने गिळल्याचा आवाज आला. बायकोने ओठ दाबले नव्हते. खालून जिन्यातून विचारणा झाली, "जमलं का?" त्यावर बाईंनी दार लावून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध वजन वाढेपर्यंत चालू ठेवा, ते वाटी-चमच्याने पाजा, आणि आईचं काढून ठेवलेलं दूध त्याच्या आधी द्या, असं सांगून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची बायको शेवटची कधी झोपली?"

मी उत्तरासाठी बायकोकडे पाहिलं. "बघत जा," त्या म्हणाल्या, आणि बाळाचा ढेकर काढायचं काम माझ्या खांद्यावर टाकून गेल्या.

एका दिवसात काही झालं नाही. पुढेही रडणी झाली, बाई पुन्हा येऊन गेल्या. पण वजन वाढलं, मग वरचं दूध डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं. ती बातमी मी कुणालाही सांगितली नाही, तरी बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "आता पिते ना वो पोरगी?" मी "हो" म्हणालो आणि, आश्चर्य म्हणजे, आणखी दोन वाक्यं बोललो.

दीड वर्षाची झाल्यावर मुलीने अंगावरचं आपणहून सोडलं. मला वाटलं, बायको सुटली. तसं मी म्हणालोही, "चला, आता तुला झोप मिळेल." ती "हो" म्हणाली. पुढच्या रविवारी साडू आला. बायको खाली बसून वाल सोलत होती.

"बंद झालं म्हनं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मंग तुला वाईट वाटलं का गं?"

त्याच आवाजात. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. तिचा हात थांबला. "वाटलं," ती म्हणाली. "शेवटचं कधी पाजलं तेच आठवत नाही, भावोजी. रोजच्यासारखं पाजलं असेन. हे शेवटचं आहे असं ठाऊक असतं तर जरा नीट बघितलं असतं तिच्याकडे."

 मुलीला उचलून साडू गॅलरीत गेला आणि रस्त्यावरची वाहनं तिला दाखवत राहिला, तीही नुसत्या बोटाने. मी परातीतले मूठभर वाल घेतले. बराच वेळ सोलत बसलो. मग विचारलं, "आणखी काय वाटलं?"

तिने मान वर करून पाहिलं. "तुम्ही विचारताय होय," ती म्हणाली, आणि परात थोडी माझ्याकडे सरकवून सांगायला लागली.