मोरचुदाची खळ

जेवून पाठ टेकली आहे. झोप कसली, नुसती झापड. पंखा कुरकुरतोय आणि कानात उल्का मॅडमचा सकाळचा फोन: "आजी, सरांच्या वहीचं शेवटचं पान नाही. रद्दीत तर नाही ना गेलं?"

रद्दीत! चौथी शिकले म्हणून कागद ओळखत नाही की काय मी?

आमचे हे विद्यापीठाच्या रेनेसान्स केंद्रात शिकवायचे. रेनेसान्स म्हणजे पुनर्जन्म, असं एकदा म्हणाले. मी आळीत तेच सांगितलं, तर बायका पत्रिका घेऊन दारात! हे जाऊन वर्ष झालं. इटलीतल्या जुन्या छपाईवर लिहिलेली त्यांची वही उशाशी आहे. सोमवारी छापायला जायची आहे आणि शेवटाशिवाय केंद्रातल्या उल्का मॅडम ती घेत नाहीत.

कूस बदलते, तर केंद्राचं वाचनालय. मी अनवाणी. हे टेबलाशी चष्मा पुसत बसलेत.

"चहा घेतलात?"

"इथे साखर घालत नाहीत गं."

"बरं करतात. पान कुठे ठेवलंत?"

हे पुस्तकांचं कपाट उघडतात. आत आमचा ओटा, गॅसवर कागद चिकटवायची खळ रटरटतेय.

"घट्ट झालीय," हे म्हणतात.

"नावं ठेवू नका. वाळवी लागू नये म्हणून मोरचूदसुद्धा घातलंय. पान कुठेय? तिकडे सगळे म्हणतात, अडाणी बाईनं घालवलं."

"वहीचा पुठ्ठा सुटला होता. कोणी चिकटवला?"

"मीच. दुसरं आहे कोण घरात?"

"आणि आतून अस्तर लावलंस."

"सुटा कागद पडला होता वहीत, तोच लावला. कोरा होता तो!"

"एका बाजूनं, द्वारका."

ओट्याभोवती विद्यार्थी जमलेत. सगळे माझ्याकडेच बघतायत. हे पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात. मी पदराचं टोक बुडवते, अस्तरावर दाबून धरते.

डोळे उघडतात. पंखा कुरकुरतोय. वही छातीवर आहे, उशाचा तांब्या कलंडलाय, पदर ओला. अस्तराचा कोपरा उचकटलाय आणि खालून ह्यांचं तिरकं अक्षर दिसतंय. माझ्या नखात खळीची निळसर कपची.

मी फोन लावते.

"मॅडम, पान सापडलं. मीच चिकटवलं होतं, उलटं." घसा खाकरते. "पण रद्दीत नव्हतं घातलं. तेवढं सगळ्यांना सांगा."