सगळी हायत ना घरी?

दिवेलागणीला आप्पांची लुना आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबायची. उतरायच्या आधी घसा खाकरायचा, मान लांब करून एकेका खोपटाच्या दारात बघायचं आणि मग विचारायचं, “सगळी हायत ना घरी?”

आप्पा गावचे पोलीस पाटील. आम्ही फासेपारधी. तळेगाव ढमढेऱ्याकडून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या आणि गायरानाच्या मधल्या पट्टीत आमची वस्ती. त्या वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या चौकशीत काळजी किती आणि पाळत किती, ते कळत नाही. माझ्या पणजोबाला रोज चौकीवर हजेरी द्यावी लागायची. पारध्याच्या पोटी जन्मला, एवढाच गुन्हा. ती हजेरी कधीच सुटली. तरी लुनाचा आवाज आला की आई म्हणायची, “आली बघ हजेरी, गाडीवर बसून.”

आप्पा बाजेवर बसायचे, कोरा चहा प्यायचे, शेळ्यांची विचारपूस करायचे. डोळे मात्र माणसांवर. माझा भाऊ मुद्दाम डिवचायचा, “काय आप्पा, एखादा कमी भरला का?”

“तू हाईस न्हवं? मग झालं.”

पोलिसांची गाडी यायची तेव्हा वाट दाखवायला पुढं बसलेले हेच असायचे. म्हणून त्यांना चहा दिला, पण त्यांच्यासमोर मनातलं कधी बोललो नाही.

मागच्या उन्हाळ्यात आप्पांच्या चुलतभावाच्या विहिरीवरची मोटर गेली. संध्याकाळी धार काढायच्या वेळी ती जागेवर होती. अंधार पडल्यावर वीज आली तर मोटरही नाही आणि केबलही नाही. सकाळी पोलिसांनी माझ्या भावाला उचललं. दुसऱ्या दिवशी, तो अजून आतच असताना, पोलीस ठाण्यातल्या नव्या साहेबांनी शाळेत बैठक बोलावली. गाव आणि वस्ती यांच्यातले गैरसमज दूर करायचे होते म्हणे. गाव सतरंजीवर बसलं, आम्ही दाराशी.

आप्पांचा चुलतभाऊच पहिला उठला. “चोरी झाल्यावर आम्ही आधी कुणाकडं बघायचं, साहेब? तुम्हीच सांगा.”

“आमच्याकडंच बघा की,” आई म्हणाली. “आमच्या खोपटांना दारं तरी कुठं हायत!”

थोडं हसू झालं. मी उभी राहिले. “साहेब, माझ्या भावाविरुद्ध पुरावा काय?”

“शिकलेल्या दिसता ताई.”

“दिसत नाही. आहे.”

तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. आप्पा उठले होते.

“मोटर गेली तवा हे पोरगं माझ्याम्होरं बसून शेळीच्या खुराला औषध लावत हुतं. वीज आली तवाबी तिथंच हुतं. मी बघितलंय.”

चुलतभाऊ चमकला. “आप्पा, तू तिथं काय करत हुतास?”

“रोज जातो.”

“कशाला?”

आप्पांनी टोपी सारखी केली. “कशाला म्हंजी... हायत का न्हाईत बघायला.”

साहेबांचा चेहरा खुलला. “बघा, पाटलांचं लक्ष असलं की निरपराध माणूसही सुटतो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची आग झाली. दुपारी भाऊ सुटला तो निर्दोष होता म्हणून नाही, त्याच्यावर पाळत होती म्हणून.

शाळेच्या फाटकाशी मी आप्पांना अडवलं. “उपकार झाले आप्पा. पण उद्यापासून आम्हाला मोजायला येऊ नका.”

“मोजायला न्हाई येत, पोरी. तुझ्या बापाला असंच नेलं हुतं. त्यो घरी हाय हे मला ठावं हुतं. पण साहेब म्हणला, डोळ्यानं बघितलं का? बघितलं नव्हतं. तवापासनं बघून ठेवतो.”

मला ते पूर्ण पटलं नाही. आजही पटत नाही. खरं असेल, तर इतकी वर्षं एका शब्दानं तरी सांगायचं होतं. आणि खोटं असेल, तर त्यानंतर भावकीनं वाळीत टाकल्यासारखं केलं, पोरं तोंडावर ‘पारध्यांचा पाटील’ म्हणाली, तरीही लुना यायची का थांबली नाही?

हिवाळ्यात आप्पा गेले. भाऊ म्हणाला, “दशक्रियेला जाऊ.” आई नको म्हणत होती, तरी आली. भीमेच्या काठावर आम्ही गर्दीच्या मागं, मोटारसायकली लावल्या होत्या तिथं उभे राहिलो. भावकीतल्या एकानं वळून बघितलं, उठून आला, आपल्या गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि परत जाऊन बसला. मग आणखी एक जण उठला. त्यानंही चावी काढली.

माझ्या भावानं दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे छातीशी जोडले आणि विधी संपेपर्यंत तसेच धरून ठेवले. लोकांना वाटलं, तो आप्पांना नमस्कार करतोय.