काकीच्या घरातला मीटर

प्राची घरत हिला टीव्हीचा धंदा शाळेत असतानाच कळू लागला. तिचे वडील दयाराम विचुंबे गावात केबल चालवायचे. वायर तुटली की ती त्यांच्याबरोबर शिडी धरायला जायची आणि कुठल्या घरात कुठली मालिका लागते ते तिला पाठ व्हायचं. पुढे पनवेलच्या एका दैनिकात ती याच विषयावर साप्ताहिक सदर लिहू लागली. त्याला आता बारा वर्षं झाली. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे आले की बाकीचे पत्रकार वाहिन्यांना फोन लावत. प्राची मात्र विचुंब्यात जनीकाकीच्या ओट्यावर जाऊन बसे. तिथे जमणाऱ्या बायका खरोखर काय बघतात, ते ऐकून मगच ती लिहायची.

गेल्या वर्षी एक पडेल मालिका अचानक वर चढली. ओट्यावर तर तिचं नावही कुणी काढत नव्हतं.

"तिचा चॅनल आमच्याकडं दिवसभर चालू असतो गो," बायका गेल्यावर काकी म्हणाली.

"तू बघतेस?"

"मी कशाला बगू? कोंबड्या बगतान."

प्राची आत गेली. भिंतीवर नवा कोरा मोठा टीव्ही होता आणि खाली प्रेक्षक मोजणारा मीटर. अशी घरं गुप्त ठेवतात. एवढी वर्षं लिहूनही तिने एकही पाहिलं नव्हतं, आणि ते निघालं सख्ख्या चुलतीचं. मीटरच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण होतं. काकीने सांगितलं, एक माणूस टीव्ही देऊन गेला होता. चारही बटणं दाबून तीच वाहिनी चालू ठेवायची, एवढीच त्याची अट होती.

बारा वर्षांत अशी बातमी तिच्या हाती लागली नव्हती. पण नाव न छापताही गाव ओळखणार होतं. काकीच्या तोंडचं छापून आलं की ओट्यावर प्राचीसमोर कोण बोलणार? आणि ओटा गेला की सदरात उरणार काय?

दोन दिवस तिने काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं आणि पाठवण्याआधी काकीला वाचून दाखवलं. असं तिने आजवर कुणासाठीच केलं नव्हतं. एका भोळ्या म्हातारीला फसवलं गेलं, असा त्याचा सूर होता.

काकी तांदूळ निवडत होती. ती थांबली.

"भोळी कोन? मी?"

"काकी, तुला सांभाळून घेतलंय मी."

"मना नको सांभालू. त्यो कशाला देतोय, ते मना कलत होता. जुन्या टीवीत रेघा येत होत्या, म्हनून घेतला. तसाच लिव."

"लोक बोलतील."

"बोलू देत. भोळी म्हनलेली नाय चालनार."

प्राचीने तो परिच्छेद तिथेच बसून बदलला. बाईला सगळं कळत होतं, तरी तिने टीव्ही घेतला, असं छापून आलं. आठवड्यात मीटर बसवणाऱ्या कंपनीची माणसं येऊन तो काढून घेऊन गेली. संपादकांना वाहिनीचे फोन आले; सदर मात्र चालू राहिलं.

पुढच्या गुरुवारी प्राची ओट्यापाशी थबकली. बायका गप्प झाल्या. मग शेजारच्या चंद्रावतीने सरकून जागा केली.

"बस गो," ती म्हणाली. "त्यो मीटर आता आमच्याकडं बसवतील का, तेवढा इचार."

काकी हसली नाही, पण चहाला एक कप वाढवायला आत गेली.