घडीबाईची चिठ्ठी

घडीबाई आणि मी एकोणीस वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरली. इस्पितळाच्या धुलाईघरात. ओली चादर दोघींनी ताणून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, पलीकडून कोरडी निघाली की घडी घालायची. एकीचं टोक सुटलं तर चादर तिरकी जाते, चुणी करपते. पन्नाशीपर्यंत तिचं टोक सुटलेलं मी पाहिलं नाही. घडीही अशी, काठाला काठ. म्हणून ते नाव.

मग पाळी जायला लागली. रोलरसमोर उभी असताना तिच्या अंगाची आग व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मुकादम म्हणाला, “काय गं, बॉयलर मागच्या खोलीत आहे. तू कशाला आतून पेटतेस?”

“तुझ्या आईला विचार. तीही पेटली असेल.”

सगळ्या हसल्या. मुकादम हसला नाही.

त्याच वर्षी सरकारचं फर्मान आलं. या वयातल्या बायकांसाठी प्रत्येक इस्पितळात वेगळा कक्ष, औषधं फुकट, आणि डॉक्टरची चिठ्ठी आणेल तिला हलकं काम. उद्घाटनाला खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मशीन बंद करून आम्हाला नेऊन बसवलं. पाहुण्या म्हणाल्या, “लाजू नका, बोला.” आम्ही टाळ्या वाजवल्या. तुंबलेलं काम जेवणाच्या सुट्टीत उरकलं.

घडीबाईला एवढंच हवं होतं: रोलर सोडून कपड्यांच्या कोठीत घड्या घालायला बसायचं आणि निवृत्तीला उरलेली आठ वर्षं काढायची. कक्ष फक्त मंगळवारी, अकरा ते एक. शस्त्रक्रियेच्या चादरी नेमक्या तेव्हाच यायच्या. दोन मंगळवार हुकले. तिसऱ्या मंगळवारी मी एकटीनं दोन्ही टोकं सांभाळली आणि तिला पिटाळलं. डॉक्टरबाईंनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर लिहिलं: उष्णतेजवळ काम देऊ नये.

मुकादमानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. “हलक्या कामाचं पदच नाही इथं. कोठीत घड्या काय, रोलरवाल्याच घालतात.” चिठ्ठी वर पाठवली.

चौकशीला साहेब आला. मला विचारलं, “तिचं टोक सुटतं का?”

कामाबाबत मी खोटं बोलत नाही. म्हटलं, “दिवसातून दोनदा सुटतं. बाकीच्यांचं दहादा सुटतं.”

त्यानं पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

महिन्याभरात कागद आला. कामास अपात्र. खाली तिच्या तब्येतीची काळजीही वाहिली होती.

मी तिच्या घरी गेले. म्हटलं, “माझ्या जिभेला हाड नाही.”

“खरंच बोललीस. मीही तेच सांगितलं असतं.” तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. “पण दुसरं वाक्य लिहून होईपर्यंत त्याचा हात धरायला हवा होतास.”

 

गोळ्यांसाठी ती मंगळवारी कक्षात यायचीच. आता वेळच वेळ होता. एकदा धुलाईघराच्या दारात थांबली. “तपासायच्या टेबलावरची चादर तिरकी इस्त्री झालीय. दुसऱ्या टोकाला कोण असतं गं?”

“रोज वेगळी.”

“आणि या टोकाला तू?”

“मीच.”

“मग ताणत जा नीट,” म्हणाली आणि गेली.