अकरा वर्षं आणि आठ दिवस

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला द्राक्षरस, आणि तो रस पप्पा करत. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे मोजून, उकळून, गाळून करायच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शुक्रवारी काळे मनुके भिजत घालायचे, शनिवारी सकाळी मंद आचेवर उकळायचे, पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळायचे आणि थंड झाल्यावर बाटलीत भरायचे. मी बोट बुडवायला गेले की ते पळीने हातावर हलकेच मारत. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे पळीचा मार मला एकटीलाच मिळे.

मनुके निफाडहून काकांकडून येत. काका पप्पांचे धाकटे भाऊ. द्राक्षाच्या बागेत ते काम करायचे आणि स्वतःच्या गच्चीवर थोडे मनुके वाळवायचे. आजी त्यांच्याकडेच असे.

मी पंधरा वर्षांची असताना आजी गेली. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्याकडे फोन नव्हता. निरोप दवाखान्यात आला, पप्पांना तो उशिरा मिळाला, आणि ज्या एसटीने आम्ही निघालो ती वाटेत बंद पडली. आम्ही पोहोचलो तेव्हा कबर बुजवून झाली होती. लोक हातपाय धूत होते. काका पुढे आले आणि म्हणाले, "दादा, ऊन लय व्हतं. माणसं कवरची ताटकळली व्हती. किती थांबणार?"

पप्पा म्हणाले, "आईला शेवटची मूठभर माती द्यायची होती मला. एवढं थांबता आलं नाही तुला?" आणि पाण्याचा घोटही न घेता आम्ही परत फिरलो.

त्यानंतर महिन्याचा पहिला रविवार आला. पप्पांनी नेहमीसारखा रस केला, बाटली वेदीपाशी नेऊन ठेवली आणि आपल्या बाकावर येऊन बसले. आमची ओळ भाकर आणि पेला घ्यायला वेदीपुढच्या कठड्याकडे निघाली तेव्हा ते उठले नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "मनात भावाविषयी अढी ठेवून तिथे जायचं नसतं. प्रभूने सांगितलंय."

प्रभूने काय सांगितलंय ते मलाही ठाऊक होतं. संडे स्कूलमध्ये पप्पांनीच शिकवलं होतं. वेदीशी आलास आणि भाऊ तुझ्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी त्याच्याशी समेट कर आणि मग ये. मी तोंडाने फटकळच होते. म्हटलं, "पण त्यात 'जा' असंही आहे ना, पप्पा?" ते पेपर उघडून बसले.

असं अकरा वर्षं चाललं. वचनातलं अर्धं पप्पांनी अक्षरशः पाळलं आणि उरलेलं अर्धं वाचलंच नाही. गंमत म्हणा की हट्ट म्हणा, मनुके मात्र येत राहिले. निफाडहून कोणी ना कोणी नाशिकला येई आणि पिशवी दारात ठेवून जाई. पप्पा ती परत पाठवत नसत. "मंडळीसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत," असं म्हणून ते मनुके पितळी डब्यात ओतत. काकांच्या मनुक्यांचा रस सगळी मंडळी पिई, आणि तो करणारा माणूस बाकावर कोरडा बसे. लोकांनाही सवय झाली. नवीन पाळकसाहेब आले तर आधीचे लोक त्यांना सांगत, ते उठायचे नाहीत.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हाचा एप्रिलमधला रविवार. पाळकसाहेबांनी तोच, भावाशी समेट करण्याचा शास्त्रभाग वाचला. तो पप्पांनी याआधी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, घरी आल्यावर त्यांनी बूट काढलेच नाहीत. खुंटीवरची पिशवी घेतली आणि म्हणाले, "मी निफाडला जाऊन येतो. त्याला भेटतो."

मी साडीला इस्त्री करत होते. दुपारी नगरची माणसं मला बघायला येणार होती. याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि घरात वडीलमाणूस नसेल तर काय दिसेल, या विचाराने माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अकरा वर्षं थांबलात ना, अजून आठ दिवस थांबा. काका कुठे पळून जाताहेत?"

पप्पा दारात उभे राहिले. मग त्यांनी पिशवी परत खुंटीला अडकवली आणि बूट काढले. नगरची माणसं आली, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाली. त्यांनी कधी काही कळवलं नाही.

गुरुवारी सकाळी फोन आला. काका पहाटे झोपेतच गेले.

नाशिकमधून बाहेर पडताना द्वारका चौकात ट्रॅफिक इतका तुंबला होता की आमची गाडी दोन तास जागची हलली नाही. मी घड्याळ बघत होते आणि मनात एकच होतं, आजही उशीर होणार, आजही माती पडलेली असणार. ठरलेली वेळ दहाची होती. आम्ही कब्रस्तानात पोहोचलो तेव्हा एक वाजत आला होता.

पेटी कबरीच्या काठावर तशीच होती. माणसं झाडांच्या सावल्या धरून बसली होती, बायका पदराने वारा घेत होत्या, आणि कोणाच्याही तोंडावर नाराजी नव्हती. काकांचा मुलगा पुढे आला, त्याने पप्पांना हाताला धरून नेलं आणि म्हणाला, "बाबांनी बजावून ठेवलं व्हतं. दादा आल्याबिगर पेटी खाली सोडायची नाय. दिवस बुडाला तरी चालंल, म्हणायचे."

पप्पा कबरीच्या कडेला खालीच बसले. दोन्ही हातांत माती घेतली आणि ती त्यांच्या हातून सुटेना. शेवटी त्या मुलानेच त्यांची बोटं एकेक करून उघडली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. तीन आठवडे नीट वागले, जेवले, कामावर गेले. मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी आमची ओळ उठली आणि पप्पाही उठले. मंडळीत हलकी कुजबुज झाली. माझे तर डोळेच भरून आले. सुटले एकदाचे, असं मनात म्हणत मी बाकातून बाहेर पडतच होते. पप्पांनी कठड्यापाशी गुडघे टेकले. पाळकसाहेब भाकर घेऊन त्यांच्यापर्यंत आले आणि पप्पा उठले. वळले, आणि सगळ्यांच्या देखत चालत माझ्यापाशी आले.

"त्या रविवारी तू मला अडवलंस," ते म्हणाले. आवाज हळू होता, पण मंडळी इतकी शांत होती की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल. "मला तुझा फार राग आला. तो मी मनात ठेवला. तुला दाखवला नाही, पण आहे. तो घेऊन मला तिथे बसता येईना. मला माफ कर, बाळा."

माफी मी मागायला हवी होती. चूक माझी होती, हे त्यांना, मला, दोघांनाही माहीत होतं. दोन शब्द बोलायचे होते. पण एवढ्या लोकांत मला लाज वाटली आणि मी म्हटलं, "जा ना पप्पा, पाळकसाहेब खोळंबलेत."

"आधी तू सांग."

मी मान डोलावली. ते गेले, भाकर घेतली आणि पेला दोन्ही हातांनी धरून प्याले. त्यातला रस काकांच्या शेवटच्या पिशवीतल्या मनुक्यांचा होता. डबा त्याच आठवड्यात रिकामा झाला होता.

मी परत बाकावर बसले. त्या दिवशी मी कठड्याकडे गेले नाही. संध्याकाळी बोलू असं ठरवलं, मग उद्या, मग सणाला. पप्पा त्यानंतर चार वर्षं होते. त्यांच्याशी मी हजार गोष्टी बोलले असेन, तेवढी एक सोडून. पहिल्या रविवारी ते कठड्याकडे निघाले की माझ्याकडे एकदा बघत आणि वाट बघितल्यासारखे थोडे थांबत. मी वहीत डोकं घालून भजनाचं पान शोधत असे. शेवटी दवाखान्यात त्यांचा श्वास लागला होता तेव्हा मी सगळं बोलले, रडून रडून बोलले, पण तोवर त्यांना ऐकू येत नव्हतं.

आता रस मी करते. मनुके दुकानातून आणते, दोनदा गाळते, बाटली वेदीपाशी ठेवते. आमची ओळ उठते. मी बाकावर बसून राहते.