बंद मशीनचा गंज

सुनंदा गेली त्या सकाळी तिने मला खिडकीचे गज पुसायला सांगितले होते. "मीठ बसलंय वाऱ्याचं. आधी ओलं फडकं मारा, मग कोरडं." मी म्हटलं, "उद्या बघू." दुपारी ती खुर्चीतच गेली... महिना झाला.

मी पाचूबंदरचा होडीवाला, सातवीपर्यंत शिकलेला. बायको धातूंची इंजिनेर. लोक हसायचे, हसू देत. ती सातिवलीच्या एका छोट्या लॅबमध्ये कामाला होती. वीजकेंद्रात वाफेवर फिरणारं टर्बाइन असतं, त्याची पाती गंजून कधी तडकतील हे आधी सांगायचं तिचं काम. फिरतं पातं तुटलं तर मशीन फाटतं आणि जवळची माणसं मरतात.

पंचाण्णवच्या सुमाराची गोष्ट. एका केंद्रातलं मशीन बरेचदा बंदच असायचं, म्हणून तिथल्या साहेबांना वाटे, पाती नव्यासारखी असणार. सुनंदाचं म्हणणं उलटं. चालू मशीन गरम राहतं, बंद पडलं की आत ओल धरते, वाफेबरोबर आलेलं मीठ पोलादाला खातं, बारीक खड्डे पडतात आणि तडा तिथूनच जातो. खात्री करायला तिने त्याच पोलादाच्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात बुडवून आमच्या मागल्या दारी टांगल्या. काही रोज पुसायची, काही ओल्याच ठेवायची. ओल्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या दोरीला मी जाळ्याची गाठ मारून दिली होती.

काही महिन्यांनी माझ्या आईने सगळ्या पट्ट्या चिंच आणि राखेने घासून लखलखीत केल्या! "सून इंजिनेर नि दारात गंजकं लोखंड? पावने काय बोलतील गो?" सुनंदा धावत मागल्या दारी गेली. मग एकेक पट्टी उन्हात धरून बघू लागली. गंज गेला होता, पण गाठीवाल्या पट्ट्यांवर सुई टोचल्यासारखे खड्डे उघडे पडले होते. पुसलेल्या गुळगुळीत. "आई, माझंच काम केलंत तुमी!" म्हणून तिने म्हातारीला मिठीच मारली.

साहेब म्हणाले, "बाई, बंद मशीनला काय होणार?" ती म्हणाली, "उघडून बघा." हट्टच धरला. उघडलं, तर पात्यांच्या बुडाशी तडे. फोन आला तेव्हा ती कोळंबी सोलत होती. "वाचली माणसं," म्हणाली आणि सोलत राहिली.

ती गेल्यापासून मी खिडकी लावून तिच्याच खुर्चीत बसून होतो. बंदरावर पाय टाकला नाही. काल खिडकी उघडली. गजांवर तांबडे फोड आले होते... आधी ओलं फडकं मारलं, मग कोरडं. खड्डे राहिलेत, ते काही जायचे नाहीत.

मग चपला घातल्या आणि होडीकडे गेलो.