परत न वाजलेला सूर

नातवानं कॅरमवर पावडर टाकली. मी तिच्यावरून सहज बोट फिरवलं आणि एकदम लोणावळ्याच्या त्या हॉटेलात जाऊन पोचलो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. शाळा चौथीतच सुटलेली, संगमेश्वराकडून पोटासाठी आलेला, त्यामुळे नोकरी जाईल ही धास्ती कायम. संध्याकाळच्या नाचासाठी दुपारी मी हॉलच्या लाकडी जमिनीवर, पाय सहज सरकावेत म्हणून, पावडर भुरभुरवत होतो. कोपऱ्यात बँडवाले जॅझचा सराव करत होते. त्यातल्या गोव्याच्या म्हाताऱ्या ट्रंपेटवाल्यानं एक सूर इतका अलगद खाली आणला, की भजनात निघावं तसं माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघून गेलं.

सगळे थांबले. मुकादम ओरडले, "आरं, हितं काय तमाशा चाललाय व्हय? उद्यापास्नं येऊ नगंस!"

"थांबा हो," म्हातारा म्हणाला. "सकाळपासून फुंकतोय, ह्या एकानंच ऐकलं. परत वाजवतो बाबा, ऐक."

त्यानं वाजवलं. सुंदर होतं, पण निराळंच.

"काय, आता वा नाय?"

मला खोटं बोलवेना. "छान होतं. पण मघाचं नव्हतं."

मुकादमांनी कपाळावर हात मारला. म्हातारा मात्र खोखो हसला. "मघाचं आता मलापण नाय मिळणार! ह्याला काढू नका, भाऊ."

नोकरी वाचली, त्याचे उपकार मी तेव्हाच मानले. वाजवायला मात्र कधी शिकलो नाही. पण आता वाटतं, त्या दुपारचा तो सूर जगात फक्त माझ्याकडेच उरलाय.